मेस्त्रींचा कॅमेरा

बाबूराव पेंटर यांचे नाव सिनेमाच्या इतिहासात दिग्दर्शक म्हणून येते आणि कोल्हापूरच्या कलापरंपरेत चित्रकार म्हणून. दोन्ही ठिकाणी त्यांना मान आहे, नावापुढे ‘कलामहर्षी’ लागते, जयंती-पुण्यतिथीला हार चढतात. पण ज्या कामामुळे हा माणूस मला सर्वांत थोर वाटतो, ते काम दोन्हीकडे एका ओळीत उरकले जाते. १९१८ साली कोल्हापुरात त्यांनी सिनेमाचा कॅमेरा बनवला. त्याआधी पाच वर्षे दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ काढला होता, पण त्यासाठीचा कॅमेरा त्यांनी लंडनहून विल्यमसन कंपनीचा आणला होता. बाबूरावांकडे लंडनला जायला पैसे नव्हते आणि जाऊन आलेल्याची ओळखही नव्हती. त्यांच्याकडे होते ते वडिलांपासून चालत आलेले हात आणि हत्यारे.

घराण्याचे आडनाव मेस्त्री. वडील कृष्णराव हे सुतारकाम, लोहारकाम, हस्तिदंती कोरीवकाम, मूर्तिकाम, चित्रकाम असे जे समोर येईल ते करणारे कारागीर. ३ जून १८९० रोजी जन्मलेले बाबूराव कुठल्याही कलाशाळेत शिकले नाहीत. मुंबईचे जे. जे. स्कूल त्या काळी महाराष्ट्रातल्या चित्रकारांची पंढरी होते. कोल्हापूरचेच आबालाल रहिमान तिथे शिकून परत आले होते आणि शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापूरभोवतीची निसर्गचित्रे रंगवत होते. बाबूरावांनी त्यांची चित्रे पाहिली आणि घरी येऊन रंग कालवले. त्यांचे शिक्षण एवढेच. बरोबरीला चुलतभाऊ आनंदराव. आनंदराव वयाने मोठे, यंत्राच्या बाबतीत जास्त जाणते, आणि पुढच्या सगळ्या गोष्टीचे मूळ त्यांच्यातच आहे, हे सांगायला लोक विसरतात.

दोघा भावांचा पोटाचा धंदा नाटकाच्या पडद्यांचा होता. संगीत नाटकाचे ते भरभराटीचे दिवस. कंपनी म्हटली की पडदे आलेच: रस्त्याचा पडदा, जंगलाचा पडदा, राजवाड्याचा, देवळाचा. पडद्याचे काम खोलीतल्या चित्रासारखे नसते. कापड जमिनीवर अंथरायचे, त्यावरून चालत चालत लांब दांड्याच्या ब्रशाने रंगवायचे. जवळून पाहिले तर नुसते फराटे, पण तेच शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाला महालाची कमान दिसली पाहिजे. शिवाय ते गुंडाळून बैलगाडीत आणि रेल्वेत घालायचे, म्हणजे रंगाचे पोपडे उडता कामा नयेत. मेस्त्री बंधूंचे पडदे केशवराव भोसल्यांच्या ‘ललितकलादर्श’पासून गुजराती आणि पारशी कंपन्यांपर्यंत पोचले. लांबच्या महालाचा सोपान, खांबांच्या ओळी, उजेड कुठून येतो आणि सावली कुठे पडते याचा त्यांचा हिशेब असा पक्का होता की लोक नाटकाइतकेच पडद्याचे कौतुक करत. ‘पेंटर’ हे नाव त्यातूनच चिकटले आणि मेस्त्री आडनाव मागे पडले. कोल्हापुरात हे नेहमीचेच आहे. तिथे माणसाची खरी ओळख धंद्याची असते, कागदावर काय लिहिले आहे त्याला फारसा भाव नाही.

फाळक्यांचा सिनेमा पाहिल्यावर या दोघांना दुसरे काही सुचेना. पडद्यावर त्यांनी आयुष्यभर जी खोली रंगाने दाखवली होती ती इथे नुसत्या उजेडाने दिसत होती आणि वर हलतही होती. त्यांनी आधी सिनेमा दाखवण्याचा उद्योग सुरू केला. त्यात मिळकत होईल ही आशा असणारच. पण कारागिराच्या हातात एखादे यंत्र आले की तो ते उघडून बघतो, आणि चित्र दाखवणारे यंत्र उघडले की चित्र घेणारे यंत्र अर्धे कळते. प्रोजेक्टर आणि कॅमेरा हे सख्खे भाऊ. दोन्हींत फिल्म एकाच पद्धतीने सरकते, फक्त एकात उजेड आत येतो आणि दुसऱ्यात बाहेर जातो.

हे सरकणेच खरे अवघड. फिल्म सलग फिरत राहिली तर चित्राऐवजी नुसता धूसर पट्टा मिळतो. ती झटक्याने एक चौकट पुढे गेली पाहिजे, तिथे पूर्ण थांबली पाहिजे, तेवढ्यात झडप उघडून उजेड आत आला पाहिजे, झडप मिटली पाहिजे, आणि मगच पुढचा झटका. शिवणयंत्रात सुई वर असतानाच कापड पुढे सरकते, तोच प्रकार. मूकपटाच्या काळी हे सेकंदाला साधारण सोळा वेळा व्हायचे, आणि ते करायला मोटार नव्हती. कॅमेऱ्याच्या बाजूला एक हँडल असे. एका फेऱ्याला आठ चौकटी, म्हणजे सेकंदाला दोन फेरे, मनातल्या मनात ताल धरून. हात घाईत गेला तर पडद्यावरची माणसे मंद चालतात, रेंगाळला तर धावतात. पण हाताची चूक एक वेळ सुधारता येते. यंत्राची चूक सुधारत नाही. फिल्मच्या कडेच्या छिद्रांत अडकून तिला ओढणारी नखी केसभर जरी इकडेतिकडे झाली तरी पडद्यावर ते केसभर अंतर शेकडो पटींनी मोठे होऊन दिसते, आणि सगळे चित्र थरथरते. दात्यांची चाके, कॅम, नखी, झडपेची चकती हे सगळे एकमेकांशी इतके जुळलेले हवे. शिवाय सगळी पेटी अशी बंद की उजेडाची तिरीपही आत शिरू नये.

भिंग घडवणे हे कोल्हापुरात होण्यासारखे काम नव्हते. बाकीचा डाव मात्र लेथ, कानस आणि नजर यांच्या जोरावर होता. काम चालू असतानाच १९१६ मध्ये आनंदराव वारले. बाबूराव तेव्हा सव्वीस वर्षांचे. भावाबरोबर अर्धा कॅमेराही गेला असेच कुणाला वाटले असते. पण या घरात एक तरुण येऊन राहिला होता, विष्णुपंत दामले. त्याचा हात चित्रापेक्षा यंत्रावर जास्त चालायचा. बाबूराव आणि दामले यांनी पुन्हा सुरुवात केली आणि दोन वर्षांनी, १९१८ मध्ये, कॅमेरा चालू लागला. महायुद्धाचे दिवस होते. परदेशी माल मिळणे मुश्कील झाले होते, कच्ची फिल्म मिळणेही. अशा वेळी पुण्या-मुंबईपासून इतक्या लांबच्या संस्थानी गावात हे घडले.

याला चमत्कार म्हणायला मी तयार नाही. कोल्हापूर हे तेव्हाही कारागिरांचे गाव होते. सोनारकाम, तांबटकाम, चपला, गाड्या, बंदुका दुरुस्त करणारे, घड्याळे दुरुस्त करणारे. पुढे याच गावात शेतकऱ्यांच्या विहिरींवरची ऑइल इंजिने बनू लागली आणि फाउंड्रीचा मोठा उद्योग उभा राहिला. कागदावरचे ड्रॉइंग नसताना समोरचे यंत्र बघून त्याचा भाग तसाच्या तसा घडवायचा ही इथली रीत. शाहू महाराजांचे गुणी माणसांकडे लक्ष असे. गवई, मल्ल, चित्रकार यांच्याप्रमाणे या सिनेमावाल्यांनाही त्यांचा आधार मिळाला. पण धंद्याला रोख लागते, आणि ती दिली एका गायिकेने. तानीबाई कागलकर या अल्लादिया खाँसाहेबांच्या तालमीतल्या. सिनेमा म्हणजे काय हे भल्याभल्यांना ठाऊक नसताना त्यांनी आपली मिळकत या कारागिराच्या पेटीत घातली. मराठी सिनेमाच्या पहिल्या भांडवलदारांच्या यादीत त्यांचे नाव ठळक असायला हवे, ते तितके ठळक नाही.

कंपनीचे नाव ठेवले ‘महाराष्ट्र फिल्म कंपनी’. आजच्या खरी कॉर्नरच्या परिसरात तिचे बस्तान होते. कंपनी म्हटले तरी मूळचा बाज कारखान्याचाच. बाबूराव बोलत कमी. लांब केस, दाढी, हातात पेन्सिल. सांगण्यापेक्षा काढून दाखवायचे. प्रसंग कसा दिसावा याची चित्रे आधी कागदावर, पोशाखांची चित्रे आधी, सेटची आधी. इथे त्यांनी एक मोठा पालट केला. ज्या माणसाने पडद्यांवर नाव कमावले होते त्यानेच सिनेमातून रंगीत पडदा हाकलला. कॅमेऱ्याला रंगवलेली खोली फसवत नाही हे त्यांना पहिल्यांदा कळले, कारण ती खोली रंगवायची लबाडी त्यांच्याइतकी कुणाला माहीत नव्हती. त्यांनी भिंती उभ्या केल्या, खरे खांब, खऱ्या पायऱ्या, ज्यांच्याभोवती माणूस फिरू शकेल. झडपेशी, भिंगाशी आणि रंगीत काचांशी खेळून दृश्य हळूहळू उजळवणे, मावळवणे, तांबूस-पिवळट छटांचा फरक पाडणे, हे सारे त्यांनी आपल्याच पेटीवर करून पाहिले. पेटी स्वतः बांधलेली असल्याचा फायदा असा, की ती खोलायला भीती वाटत नाही.

फेब्रुवारी १९२० मध्ये पुण्याच्या आर्यन सिनेमात ‘सैरंध्री’ लागला. विराटाच्या घरी दासी होऊन राहिलेली द्रौपदी, तिच्या वाटेला जाणारा कीचक आणि त्याला ठार मारणारा भीम. मराठी प्रेक्षकाला या कथेत नुसते पुराण दिसत नसे. खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ नाटकातला कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन हे सगळ्यांनी ओळखले होते आणि सरकारने त्या नाटकावर बंदी घातली होती. त्याच प्रसंगावरचा हा सिनेमा, आणि त्यातला वध इतका खरा वाटणारा, की तो भाग कापावा लागला. लोकमान्य टिळकांनी चित्रपट पाहून बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. टिळक त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये गेले. या सिनेमात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या. फाळक्यांना पहिल्या चित्रपटात तारामतीसाठी पुरुष उभा करावा लागला होता. बाबूरावांकडे आलेल्या बायकांना समाजाने वाळीत टाकले, नातेवाइकांनी तोंड फिरवले. त्यांची खरी नावे मागे राहिली आणि पडद्यावर कमलादेवी, सुशीलादेवी अशी नावे आली. कंपनीच्या आवारातच त्यांना घर मिळाले.

पुढच्या पाच-सहा वर्षांतली चित्रपटांची यादी लांब आहे. ‘सुरेखाहरण’मध्ये वणकुद्रे नावाचा एक पोरगा आला. कंपनीतल्याच बाबूराव पेंढारकरांचा मावसभाऊ. सुरुवातीला बिनपगारी, पडेल ते काम करणारा. त्याला जग पुढे व्ही. शांताराम म्हणून ओळखू लागले. ‘मार्कंडेय’ आगीत गेला. त्या काळची फिल्म नायट्रेटची, ठिणगीला पेटणारी, आणि एकदा पेटली की पाण्यानेही न विझणारी. ‘सिंहगड’ १९२३ चा. हरिभाऊ आपट्यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीवरचा. त्यात कडा चढण्याचे रात्रीचे दृश्य होते आणि ते बाबूरावांनी कृत्रिम उजेडात घेतले. मुंबईत त्याला इतकी गर्दी लोटली, की सिनेमाच्या तिकिटावर करमणूक कर बसवण्याची कल्पना सरकारला तिथून सुचली, असे सांगतात. कर भरताना कोल्हापूरकरांनी हे आठवून थोडी तरी सूट मागायला हवी होती.

जाहिरातीतही त्यांचा हात होता. सिनेमाची मोठी रंगीत पोस्टरे आपल्याकडे पहिल्यांदा काढणाऱ्यांत बाबूराव होते. ‘कल्याण खजिना’चे १९२४ चे पोस्टर हे भारतातल्या टिकून राहिलेल्या सर्वांत जुन्या सिनेमा पोस्टरांपैकी एक मानले जाते. चित्रांसह कथा सांगणाऱ्या पुस्तिकाही ते छापत. हे पुन्हा पडद्याच्या धंद्यातलेच शहाणपण: दर्शनी पडदा असा हवा की नाटक उघडण्याआधीच माणूस खुर्चीत टेकला पाहिजे.

आणि मग ‘सावकारी पाश’, १९२५. नारायण हरी आपट्यांची कथा. सावकार खोट्या कागदावर शेतकऱ्याची जमीन घशात घालतो, शेतकरी गाव सोडून मुंबईच्या गिरणीत मजूर होतो. शेतकऱ्याची भूमिका शांतारामांची. देव नाहीत, राजे नाहीत, जादू नाही. झोपडी, तिच्याबाहेर रडणारे कुत्रे, कुळाचे कागद. ज्यांनी पाहिला त्यांनी आयुष्यभर त्याची वर्णने केली, पण गल्ल्यावर तो पडला. बाबूराव पुन्हा पौराणिकाकडे वळले. इथे त्यांच्यावर टीका करणे सोपे आहे, की पुढची पाच वर्षे त्यांनी तोच हिय्या का केला नाही. मला वाटते, ते कर्ज काढून धाडस करणाऱ्यांतले नव्हते. पडदा रंगवणारा माणूस गिऱ्हाईक घेऊन काम करतो. गिऱ्हाईक नको म्हणाले की तो पडदा गुंडाळून ठेवतो आणि दुसरा रंगवायला घेतो.

कंपनी मोडली तीही, माझ्या मते, त्याच गुणांमुळे ज्यांनी ती उभी केली. कारखान्यातला गुरू शिष्याला हत्यार हातात देतो, पण किल्ली स्वतःकडे ठेवतो. बाबूरावांना जे मनासारखे होत नाही ते पुन्हा करायची सवय, दिवसांचा हिशेब नाही. पेढीवरच्या माणसांना तो हिशेब हवा. दामले, शेख फत्तेलाल, शांताराम, धायबर हे शिष्य आता नवखे राहिले नव्हते. १ जून १९२९ रोजी त्यांनी सीतारामपंत कुलकर्ण्यांसह कोल्हापुरातच ‘प्रभात’ काढली. चारच वर्षांत प्रभात पुण्याला गेली आणि दामले-फत्तेलालांचा ‘संत तुकाराम’ १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. त्यातले दामले म्हणजे ज्यांनी त्या पहिल्या कॅमेऱ्याचे दाते घासले होते तेच. प्रभातच्या जागी आज पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट आहे. तिथे शिकणाऱ्या पोरांना हा वंशवृक्ष कुणी काढून दाखवतो का, हे मला विचारायचे आहे.

बोलपट आला तेव्हा बाबूरावांचे मन त्यात रमले नाही. इतकी वर्षे जे चित्राने सांगायला ते शिकले आणि त्यांनी शिकवले, ते आता माणसे तोंडाने सांगू लागली होती. तरी त्यांनी शालिनी सिनेटोनसाठी ‘उषा’ आणि ‘प्रतिभा’ केले. १९४७ च्या ‘लोकशाहीर रामजोशी’चे दिग्दर्शन बाबूराव आणि शांताराम या गुरू-शिष्यांनी मिळून केले, निर्मिती शांतारामांची. जयराम शिलेदार, हंसा वाडकर, गदिमांचे लेखन. तमाशापटांचे युग तिथून सुरू झाले. पण मधल्या काळात बाबूराव जास्त रमले ते पुन्हा रंगात आणि मातीत. तैलचित्रे केली, पुतळे घडवले. कोल्हापूरच्या शिवाजी चौकातला छत्रपतींचा पुतळा त्यांचा. त्या चबुतऱ्यावर आधी गव्हर्नर विल्सनचा पुतळा होता. बेचाळीसच्या चळवळीत भागीरथीबाई तांबट आणि जयाबाई हाविरे या दोघींनी त्यावर ॲसिड टाकून तो विद्रूप केला. पुढे चित्रपट-दिग्दर्शक भालजी पेंढारकरांच्या पुढाकाराने १९४५ मध्ये तिथे महाराज उभे राहिले. काम अगदी थोड्या दिवसांत उरकायचे होते. ज्यांना सिनेमात उशीर होतो म्हणून नावे ठेवली जात, त्यांनी ते वेळेत केले.

१६ जानेवारी १९५४ रोजी बाबूराव गेले. खरी कॉर्नरला आता कॅमेऱ्याचा मानस्तंभ आहे आणि कंपनीच्या स्थापनेची आठवण म्हणून दर १ डिसेंबरला कोल्हापूरचे सिनेमावाले तिथे कॅमेऱ्याचे पूजन करतात. दसऱ्याला हत्यारे पुजणाऱ्या गावाला हे शोभते.

चित्रपट मात्र जवळजवळ सगळे गेले. ‘सैरंध्री’, ‘सिंहगड’, ‘सावकारी पाश’ यांतले काहीच आज आपल्याला पाहता येत नाही. ‘मुरलीवाला’ आणि ‘सती सावित्री’ यांचे तुकडे पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आहेत. म्हणून एक विनंती. कोल्हापूर, कागल, सांगली, मिरज, बेळगाव या पट्ट्यात ज्यांच्या आजोबा-पणजोबांचा नाटक कंपन्यांशी, टुरिंग टॉकीजशी किंवा छापखान्यांशी संबंध होता, त्यांनी एकदा माळे आणि जुन्या पेट्या पाहाव्यात. महाराष्ट्र फिल्म कंपनीची पुस्तिका, पोस्टर, सेटवरचा फोटो, गुंडाळलेला नाटकाचा पडदा, काहीही असू शकते. फिल्मचा डबा सापडला, तर तो उन्हात किंवा देवघरातल्या समईजवळ उघडू नका, घरात ठेवूही नका. ती फिल्म नायट्रेटची असेल तर पेट घेते. संग्रहालयाला कळवा. आणि रद्दीवाल्याला मात्र आधी बोलावू नका.